एक सेकंद की दोन: फिजिक्सच्या पेपरनंतर जुळलेल्या उत्तरांचं एक प्रकरण

१० सेंटिमीटर आयाम (मध्यापासून टोकापर्यंतचं अंतर) आणि १२ सेकंद आवर्तकाल (एका पूर्ण हेलकाव्याचा वेळ) असलेला एक कण सरल आवर्त गतीत आहे, म्हणजे मध्याच्या दोन्ही बाजूंना एकसारखा मागेपुढे होतो आहे. तो धन टोकापासून, म्हणजे पॉझिटिव्ह एक्स्ट्रीमपासून निघतो. पहिले ५ सेंटिमीटर कापायला त्याला किती वेळ लागेल?

बारावीच्या पूर्वपरीक्षेत हा प्रश्न ३ गुणांना होता. पेपर सुटल्यावर सात मुलांनी एसटी स्टँडवर उत्तरं जुळवली, तेव्हा तीन उत्तरं निघाली: १ सेकंद, दीड सेकंद आणि २ सेकंद. बस लागेपर्यंत त्यातलं एकच शिल्लक राहिलं होतं, आणि ते चुकीचं होतं.

मी या मुलांचा फिजिक्सचा शिक्षक. पूर्वपरीक्षेत उत्तरपत्रिका आमच्याच हाती येतात. बोर्डाच्या परीक्षेत मुलं आत काय लिहून आली आणि बाहेर काय बोलली, हे शेजारी ठेवून बघता येत नाही. इथे ते बघता आलं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो आहे. मुलांची, गावाची, कॉलेजची नावं मुद्दाम देत नाही.

मुलं आणि पेपर

आमचं कनिष्ठ महाविद्यालय जळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेला, धुळ्याच्या हद्दीजवळ, तालुक्याच्या गावी आहे. बरीच मुलं आसपासच्या खेड्यांतून एसटीच्या पासवर येतात. घरी अहिराणी, दहावीपर्यंत शाळा मराठी माध्यमाची, आणि अकरावीला सायन्स घेतलं की पुस्तक, पेपर, उत्तर सगळं इंग्रजीत. या तीन भाषांतली ये-जा ही मुलं रोज करतात, आणि त्याचं जेवढं कौतुक व्हायला हवं तेवढं होत नाही असं मला मनापासून वाटतं. पण परीक्षेत घाई झाली की इंग्रजी वाक्यातला एखादा तुकडा नजरेतून निसटतो. आकडे मात्र निसटत नाहीत. 'स्टार्ट्स फ्रॉम पॉझिटिव्ह एक्स्ट्रीम पोझिशन' एवढं निसटलं, तर १०, १२ आणि ५ हे तीन आकडे उरतात आणि तेवढ्यावर गणित सुटतं. चुकीचं सुटतं, पण अडत कुठेच नाही. त्यामुळे सोडवणाऱ्याला शंकाही येत नाही.

पेपर बोर्डाच्याच धर्तीवर होता. लेखी ७० गुण, वेळ तीन तास, उरलेले ३० गुण प्रॅक्टिकलचे. बहुपर्यायी १० प्रश्न, अगदी लहान उत्तरांचे ८, मग २ गुणांच्या १२ पैकी ८, ३ गुणांच्या १२ पैकी ८ आणि ४ गुणांच्या ५ पैकी ३. कॅल्क्युलेटर नाही, लॉग टेबल चालतं. म्हणजे ७० पैकी ५२ गुण निवडीच्या प्रश्नांचे असतात, आणि एकाच बाकाच्या मागेपुढे बसलेल्या दोघांनी बरेचसे वेगवेगळे प्रश्न सोडवलेले असू शकतात. पेपर सुटल्यावर कोणी कोणाला विचारत नाही की, 'तू हा सोडवला होतास का?' थेट उत्तर विचारलं जातं.

सात जणांत पाच मुलगे, दोन मुली. मुलग्यांपैकी चौघं गावातल्या एकाच क्लासला जातात, तिथे एकाच बॅचला बसतात. प्रकरण ज्या मुलीचं आहे, ती क्लासला जात नाही. तिच्या घरी शेतात कापूस आणि दादर ज्वारी. जानेवारीत कापसाची शेवटची वेचणी चालू असली की ती सकाळी शेतात जाऊन मग बस पकडते. वर्गात फारसं बोलत नाही, पण तिची वही बघावी. प्रत्येक गणिताच्या आधी ती आकृती काढते, मागितलेली नसली तरी.

स्टँडवर

तिथे मी नव्हतो. नंतर सातही जणांशी वेगवेगळं बोललो, आणि त्यांच्या सांगण्यातलं जे जुळलं तेवढंच लिहितो.

स्टँडच्या कडेला रसवंती आहे. तिच्या बाकड्यावर प्रश्नपत्रिका पसरल्या गेल्या. सुरुवात बहुपर्यायींपासून झाली, कारण ते पटापट होतं. 'पहिल्याचं सी, दुसऱ्याचं ए...' असं एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी 'हां, हां' करायचं. दोन फटींतून आलेल्या प्रकाशाचे पट्टे दाखवणाऱ्या यंगच्या प्रयोगाची सगळी मांडणी पाण्यात बुडवली तर पट्ट्यांची रुंदी कमी होते की वाढते, या प्रश्नाला सगळ्यांचं 'बी' आलं, म्हणजे कमी होते. ते बरोबरच होतं. पाण्यात तरंगलांबी कमी होते, पाण्याचा अपवर्तनांक ४/३ धरला तर रुंदी पाऊणपट होते. एक गुण पक्का म्हणून सगळे पुढे गेले.

प्रकाशविद्युत परिणामाच्या, म्हणजे प्रकाश पडल्यावर धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याच्या, गणितावर दोघांची चांगलीच जुंपली. कार्यफल, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटायला लागणारी कमीत कमी ऊर्जा, २.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट, प्रकाशाची तरंगलांबी ४०० नॅनोमीटर. बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनची जास्तीत जास्त गतिज ऊर्जा किती? एक म्हणे 'एक', दुसरा म्हणे 'एक पॉइंट सहा, टेन रेज टू मायनस नाइन्टीन'. दोघंही आपापल्या आकड्यावर ठाम. पहिल्याचं एकक इलेक्ट्रॉनव्होल्ट होतं, दुसऱ्याचं ज्यूल. १ इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजेच १.६ गुणिले दहाचा उणे एकोणिसावा घात ज्यूल. दोघांचं उत्तर एकच होतं, पण एकक कोणीच तोंडानं बोललं नाही. आपल्यापैकी एकाचे तीन गुण गेले असं धरूनच दोघं बसमध्ये चढले.

मग ते सरल आवर्त गतीचं गणित निघालं. सगळ्यांत बोलका, वर्गात नेहमी पहिल्या तिनांत असणारा मुलगा म्हणाला, 'एक सेकंद. सोपं होतं.'

'मनं बी एकच उनं,' क्लासचा दुसरा.

'मनं बी.'

मुलीनं विचारलं, 'दोन नई का? मनं दोन उनं.'

'दोन कसं काय उनं? साइनचं सूत्र शे ते.'

एकानं मधेच दीड म्हटलं, आणि कोणी लक्ष देत नाही असं दिसल्यावर तो गप्प झाला. क्लासच्या चौथ्यानं एकला मान हलवली. मुलीच्या मैत्रिणीनंही 'माझंही एकच' म्हटलं. पाच विरुद्ध एक. ती नंतर मला म्हणाली, 'सर, मी आकृती काढली होती. पण ती आठवून सांगेपर्यंत ते पुढच्या प्रश्नावर गेले होते.'

या वाक्यावर मी फार विचार केला आहे. उत्तर एका शब्दात सांगता येतं. कारण सांगायला आकृती लागते, कागद लागतो, समोरच्याचा मिनिटभर वेळ लागतो. घोळक्यात तेवढा वेळ कोणाकडे नसतो. त्यामुळे तिथे ज्याच्याजवळ नुसता आकडा आहे तो जिंकतो आणि ज्याच्याजवळ कारण आहे तो मागे पडतो.

उत्तरपत्रिकांत

तपासायला बसलो तेव्हा स्टँडवरची हकीकत मला माहीत नव्हती. ती कळल्यावर या सातांचे पेपर पुन्हा काढून शेजारी शेजारी ठेवले.

बाकड्यावर पाच जणांनी एक सेकंद म्हटलं होतं. पेपरात एक सेकंद लिहिणारे तिघंच. मैत्रिणीनं तो प्रश्न सोडवलाच नव्हता. तिनं दुसरे आठ निवडले होते. आणि क्लासच्या चौथ्या मुलाचा पेपर बघून मी थांबलो. त्यानं समीकरण कोसाइनचं घेतलं होतं, कोन π/३, म्हणजे ६० अंश, काढला होता, आणि तिथे वेळ संपली म्हणून गणित अर्धवट सोडलं होतं. आणखी एक ओळ लिहिली असती तर त्याचं उत्तर २ सेकंद आलं असतं. मुलीच्या बाजूनं बोलू शकेल असा एक जण त्या बाकड्यावर होता, आणि त्यानं एकला मान हलवली. मी विचारलं तेव्हा तो प्रामाणिकपणे म्हणाला, 'मला वाटलं मी पण एकच काढलंय.' तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. बोर्डात प्रश्नपत्रिकेवर काही लिहायची परवानगी नसते, म्हणून पूर्वपरीक्षेतही आम्ही ते लिहू देत नाही. त्यामुळे बाहेर आल्यावर सगळं आठवणीवर चालतं, आणि तीन तासांनंतर दमलेल्या डोक्यातली आठवण शेजारच्याचं उत्तर ऐकून सहज वळते.

गुण असे पडले. आमच्या विभागानं ठरवलेल्या विभागणीत कोनीय वारंवारतेला १, सुरुवातीच्या स्थितीनुसार योग्य समीकरण मांडून कोन काढण्याला १, आणि एककासह उत्तराला १. मुलीला ३ पैकी ३. अर्धवट सोडणाऱ्याला २. एक सेकंद लिहिणाऱ्या तिघांना प्रत्येकी १. दीडवाल्याला काहीच नाही. बाकड्यावर जिंकलेल्यांपेक्षा तिथे हरलेली मुलगी आणि उत्तरापर्यंत न पोचलेला मुलगा, दोघंही पुढे होते.

बहुपर्यायींची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. बोर्डाच्या पेपरवर स्पष्ट सूचना असते, की पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहायचं. नुसतं अक्षर किंवा नुसतं उत्तर लिहिलं तर गुण नाही, आणि पहिलाच प्रयत्न ग्राह्य. आम्ही पूर्वपरीक्षेत तोच नियम लावतो. पाण्यातल्या यंगच्या प्रयोगाचं 'बी' सातही जणांचं जुळलं होतं, पण दोघांनी नुसतं 'बी' लिहिलं होतं. त्यांना शून्य. आणि प्रकाशविद्युतवर भांडलेल्या दोघांनाही ३ पैकी ३ मिळाले. एकाचं उत्तर लॉग टेबलमुळे तिसऱ्या आकड्यात जरा वेगळं होतं, त्याला कोणी गुण कापत नाही.

वहीतलं पान

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. दोन-चार दिवसांची हुरहुर मुलं सोसतात. त्या मुलीचा त्यानंतरचा केमिस्ट्रीचा पेपर तिच्या नेहमीपेक्षा हलका गेला, पण तो याचमुळे असं मी म्हणणार नाही. त्या आठवड्यात घरी वेचणीही होती.

मला खरा धक्का बसला तो तिची वही बघताना. पेपर वाटायच्या आधी ती शंका विचारायला आली होती, वेगळ्याच धड्यातली. पानं चाळताना मला त्या गणिताचं पान दिसलं. घरी जाऊन तिनं ते पुन्हा सोडवलं होतं. वर निळ्या पेनानं आकृती, कोसाइनचं समीकरण, खाली टी भागिले सहा, बरोबर दोन सेकंद. त्या सगळ्यावर लाल पेनाची तिरपी रेघ. शेजारी चौकट, चौकटीत एक्स बरोबर ए साइन ओमेगा टी, आणि खाली दोन वेळा अधोरेखित केलेला शब्द: ऑलवेज.

मी विचारलं, 'बेटा, हे का खोडलं?'

'सर, सगळ्यांचं एकच आलं ना. मग मी पुस्तकात बघितलं, तिथे पण साइनच आहे.'

पुस्तकात साइनच आहे हे खरं. पण तिथलं समीकरण साइन ओमेगा टी अधिक फाय असं आहे, आणि फाय म्हणजे आरंभीची कला, कण कुठून निघाला ते सांगणारा कोन. कण मीन पोझिशनपासून, म्हणजे मध्यापासून निघाला तर फाय शून्य, धन टोकापासून निघाला तर π/२, आणि तेव्हा साइनचं कोसाइन होतं. हे तिला माहीत होतं. पेपरात तिनं तेच बरोबर वापरलं होतं. घरी मात्र ती पुस्तक उघडून आपली चूक शोधायला बसली होती, आणि चूक शोधायला बसलेल्याला फाय दिसत नाही. बोर्डाला काही आठवडे उरले असताना एका हुशार मुलीनं स्वतःची बरोबर रीत खोडून चुकीची रीत 'नेहमीसाठी' म्हणून पाठ करायला घेतली होती. उत्तरं जुळवण्यानं मुलांचं मन खचतं असं आपण पालक-शिक्षक नेहमी म्हणतो. पण त्या घोळक्यात शिकवणंही होतं, आणि शिकवतो तो, ज्याचा आवाज मोठा. याकडे आपलं लक्ष नसतं.

घड्याळ

तिला मी बरोबर-चूक काही सांगितलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. आवर्तकाल १२ सेकंद आहे, म्हणजे वर्तुळावरचा बिंदू दर सेकंदाला एक तास पुढे सरकतो असं धर. त्रिज्या १० सेंटिमीटर. बिंदू बाराच्या आकड्यापासून निघाला. तो मध्यरेषेपासून किती उंचीवर आहे, तेवढंच बघ.

बारावर उंची १०. एकवर कोन ३० अंश, उंची १० गुणिले कोसाइन ३०, म्हणजे ८.६६. दोनवर कोन ६० अंश, उंची ५. तीनवर शून्य. आकडे तिनंच वहीत मांडले. पहिल्या सेकंदात कण १.३४ सेंटिमीटर उतरला, दुसऱ्यात ३.६६, तिसऱ्यात ५. बेरीज दहा. टोकाजवळ कण जवळजवळ थांबलेला असतो, तिथून सुटायला वेळ लागतो. मध्याशी तो सर्वांत वेगात असतो. म्हणून टोकापासूनच्या पहिल्या ५ सेंटिमीटरला २ सेकंद आणि मध्यापर्यंतच्या उरलेल्या ५ सेंटिमीटरला १ सेकंद.

म्हणजे बाकड्यावर जे एक सेकंद म्हणत होते, त्यांचं उत्तर मीन पोझिशनपासून निघालेल्या कणाचं बिनचूक उत्तर होतं. प्रश्न तो नव्हता, एवढंच. त्यांचा एक आणि तिचे दोन मिळून तीन सेकंद, म्हणजे आवर्तकालाचा बरोबर चौथा हिस्सा. 'कण कुठून निघाला?' हा एक प्रश्न त्या बाकड्यावर कोणीही विचारला असता, तर सातही जण दोन मिनिटांत एका जागी आले असते.

मतमोजणी का फसली

पाच जण एक म्हणतात तेव्हा एकटीनं दोनवर टिकून राहणं किती अवघड असतं, याचा प्रसिद्ध प्रयोग सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञानं अमेरिकेत केला; त्याचे पहिले निष्कर्ष १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. समोरच्या तीन रेषांपैकी कोणती रेष दिलेल्या रेषेएवढी आहे, इतकाच प्रश्न. एकट्यानं उत्तर दिलं तर चूक जवळपास होतच नाही. पण आधी बोलणारे सगळे ठरवून एकच चुकीचं उत्तर द्यायला लागले, की निर्णायक फेऱ्यांमध्ये सुमारे एक तृतीयांश उत्तरं त्यांच्यामागे गेली, आणि सुमारे तीन चतुर्थांश माणसं निदान एकदा तरी वाहवली. डोळ्यांना दिसणाऱ्या रेषेबाबत हे घडतं, तर तीन तास पेपर लिहून आलेल्या सतरा वर्षांच्या मुलीच्या न दिसणाऱ्या कणाबाबत घडलं, यात तिचा दोष मला दिसत नाही. ॲशनं आणखी एक गोष्ट दाखवली: घोळक्यातला एक जण जरी बरोबर उत्तर देणारा निघाला, तरी वाहवण्याचं प्रमाण एकदम खाली येतं. π/३ वर थांबलेला तो मुलगा मला या कारणानं फार आठवतो.

दुसरी गोष्ट बहुमताची. फ्रेंच गणिती काँदोर्से यानं १७८५ मध्ये मांडलेला सिद्धान्त सांगतो, की मत देणारा प्रत्येक जण बरोबर असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असेल आणि प्रत्येकानं स्वतंत्रपणे मत दिलं असेल, तर माणसं वाढतील तसं बहुमत बरोबर असण्याची शक्यता वाढत जाते. आमच्या बाकड्यावर यातलं स्वातंत्र्यच नव्हतं. एक सेकंद लिहिणारे तिघंही एकाच क्लासचे. तिथे मिळालेल्या सूत्रांच्या कागदावर साइनचं सूत्र चौकटीत आहे, आणि सराव केलेली बहुतेक गणितं मीन पोझिशनपासून सुरू होणारी. तिघांचं उत्तर जुळलं, पण ती एकाच कागदाची तीन मतं होती. वर एक मत प्रश्न न सोडवणारीचं, आणि एक चुकून आठवलेलं.

क्लासला दोष द्यावा म्हणून हे सांगत नाही. सूत्रांचा कागद आमच्या कॉलेजातही वाटतात, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री तो लागतोच.

मग जुळवाजुळव बंदच करावी का? मला तसं वाटत नाही. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मेझुर १९९१ पासून वर्गात जे करत आले, ते एका अर्थी उत्तरं जुळवणंच आहे. प्रश्न द्यायचा, प्रत्येकानं आधी एकट्यानं उत्तर नोंदवायचं, मग शेजाऱ्याला आपलं कारण पटवायचं, आणि पुन्हा उत्तर द्यायचं. दुसऱ्या वेळी बरोबर उत्तरं वाढतात. ती हुशार मुलांची नक्कल करून वाढतात का, हे कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी जनुकशास्त्राच्या वर्गात तपासलं आणि २००९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापलं. गटात सुरुवातीला कोणालाच बरोबर उत्तर येत नसलं, तरी चर्चेनंतर समज वाढलेली दिसली. तिथे आधी कारण बोललं जातं. स्टँडवर कारणाची पाळीच येत नाही.

पुढे काय केलं

पेपर वाटले त्या दिवशी मी उत्तरं फळ्यावर लिहिली नाहीत. या गणिताला प्रत्येकानं आपलं उत्तर आणि 'कण कुठून निघाला' हे एका ओळीत कागदावर लिहायचं, कागद घडी घालून ठेवायचा, मग शेजाऱ्याशी बोलायचं. बोलताना आकडा शेवटी. बोलक्या मुलानं आपल्या ओळीत 'मीन' लिहिलं, प्रश्नपत्रिका पुन्हा वाचली, आणि शेजाऱ्याला काही सांगायच्या आत स्वतःच 'अरे' म्हणाला. तो मनानं उमदा आहे. तासानंतर मुलीजवळ जाऊन म्हणाला, 'तुनं बरोबर व्हतं.' तिनं वहीतला 'ऑलवेज' खोडला आणि शेजारी तीन ओळींचा तक्ता काढला: मीनपासून, धन टोकापासून, ऋण टोकापासून.

बोर्डापर्यंत प्रत्येक गणिताला हीच रीत ठेवली. एककाशिवाय आकडा उच्चारायचा नाही, हा नियम मुलांनीच वाढवला, प्रकाशविद्युतवाल्या दोघांनी.

बोर्डाच्या दिवसांसाठी वेगळं ठरवलं. पेपर सुटल्यावर जुळवायचं नाही. प्रश्नपत्रिका फाइलमध्ये टाकायची. शेवटचा पेपर झाल्यावर सगळ्यांनी लॅबमध्ये यायचं आणि तिथे कारणांसकट जुळवायचं. हे पूर्ण पाळलं गेलं नाही. गेटवर पालक उभे असतात आणि त्यांचा पहिला प्रश्न 'कसा गेला?' आणि दुसरा 'कितले पडतीन?' असा असतो. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर मुलाला जुळवावंच लागतं. पालकांच्या सभेत मी विनंती केली होती, की दुसरा प्रश्न निकालापर्यंत विचारू नका, जेवलास का ते विचारा. काहींनी ऐकलं. शिवाय संध्याकाळपर्यंत कुठल्या तरी क्लासची उत्तरं व्हॉट्सॲपवर फिरतातच. मुलीनं ती बघितली नाहीत. बोलक्यानं बघितली, आणि एका गणिताचं उत्तर आपल्यापेक्षा वेगळं दिसल्यावर त्यानं कारण मांडून मला रात्री फोटो पाठवला. त्याचं बरोबर होतं. पूर्वी त्यानं तो फोटो पाठवला नसता.

लेखी पेपरच्या गुणांबद्दल खरोखरच शंका असेल, तर निकालानंतर विभागीय मंडळाकडे, आमच्यासाठी नाशिकच्या, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते आणि त्यावरून पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. हा रस्ता मुलांना आधीच समजावून सांगितला, कारण रस्ता आहे हे माहीत असलं की स्टँडवर निकाल लावायची घाई कमी होते. सीईटीचं गणित वेगळं. तिथे सगळे प्रश्न बहुपर्यायी, चुकीला गुण कापत नाहीत, आणि उत्तरतालिका अधिकृतपणे येते. तिच्याशी जुळवण्यात काहीच गैर नाही.

या प्रकरणात मला सगळ्यांत उशिरा सापडला तो दीड सेकंदवाला. त्याचं म्हणणं असं होतं: चौथ्या हिश्शात, म्हणजे ३ सेकंदांत, १० सेंटिमीटर, मग ५ ला दीड. सातांमध्ये कल्पनेची चूक त्याचीच सर्वांत मोठी होती, कारण कण एकसारख्या वेगानं चालतो असं तो धरून बसला होता. पण बाकड्यावर त्याच्याशी कोणी वादसुद्धा घातला नाही. बहुमताशी जुळत नाही एवढ्यावर त्याचं उत्तर बाजूला पडलं, आणि पुढे 'दोन' बरोबर ठरल्यावर त्यानं मुकाट्यानं दोन लिहून घेतलं. वर्गातल्या त्या चर्चेतही त्याच्या शेजाऱ्यानं दोन सांगितलं आणि त्यानं मान्य केलं. म्हणजे माझी नवी रीतही त्याच्यापर्यंत पोचली नव्हती.

त्याला लॅबमध्ये बोलावून घड्याळाचे आकडे मांडायला लावले. मांडून झाल्यावर त्यानं स्वतःहून दोन भागाकार केले: पहिल्या ५ सेंटिमीटरला सरासरी वेग सेकंदाला अडीच सेंटिमीटर, दुसऱ्या ५ ला पाच. मग विचारलं, 'सर, मग अगदी टोकावर वेग शून्य असतो, तर तो तिथून निघतो तरी कसा?' हा प्रश्न बाकीच्या सहा जणांपैकी कोणीही विचारला नव्हता. उत्तर त्वरणात आहे. टोकावर वेग शून्य असला तरी त्वरण तिथेच सर्वांत जास्त असतं. ते मी सांगितलं नाही. स्प्रिंग, वजन आणि स्टँड काढून दिलं आणि दुसऱ्या दिवशी बघून सांग म्हटलं.